जड ते खाली

कॅम्बोर्नला नोव्हेंबरात चारलाच दिवस मावळतो.
प्रयोगशाळेत मी आणि एक थरथरतं टेबल,
दोघंही सकाळपासून उभे.
उतारावर पाण्याचा पातळ पापुद्रा,
त्यावरून दगडाचं पीठ आपापल्या वाटेने चाललेलं:
अभ्रक आधी, ते कायमच उतावळं,
मग क्वार्ट्झ, मग तुर्मलीनच्या काळ्या काड्या,
आणि वरच्या कडेला, जागचा न हलणारा,
कथिलाच्या खनिजाचा तपकिरी पट्टा, करंगळीएवढा.

टेबल काय, कुणालाही येतं, डेन्झिल ट्रेवास्किस म्हणतो.
एक्केचाळीस वर्षं खाणीत काढलेला;
आता आठवड्यातून दोनदा येतो, दगड फोडून देतो,
चहा पितो, माझ्या चुका मोजतो.
पहिल्या दिवशी त्याने भिंतीवरचं रुंद फावडं उतरवलं,
चिमूटभर पीठ, ओंजळभर पाणी,
आणि मनगटाला असा हिसका दिला
की मी म्हटलं, अहो, हे तर आसडणं!
मराठीतच म्हटलं.
त्याने फावडं माझ्या हातात दिलं आणि खिडकीपाशी गेला.

मला कुणी शिकवावं लागलं नाही.
कोल्हापुरात, गुजरीत, सोनारांच्या उंबऱ्यावरची धूळ,
भट्टीची राख, गटारातला गाळ
वडील पहाटे पाटीत भरून आणत.
घाण विकत घेणारे आम्ही झारेकरी.
नदीकाठी काठवटीत ते घोळत बसत
आणि माती निघून जायची, निघून जायची.
जड ते खाली, एवढंच त्यांचं शास्त्र.
पुढे पाऱ्याने त्यांचे हात कापायला लागले.
टेबलाचं बटण दाबताना मी दुसरीकडे बघते.

इथे जड म्हणजे किती ते बाटलीवर लिहिलेलं:
दोन पूर्णांक पंच्याऐंशी.
त्या द्रवात क्वार्ट्झ तरंगतो.
दगड तरंगायला कुणाचं नाव लिहावं लागत नाही.
खाली बसलेलं धुवायचं, वाळवायचं, मग चुंबक.
लोखंडाचे लगेच धावतात, त्यांना विचारावंही लागत नाही.
करंट वाढवला की इल्मेनाइट,
आणखी मन वळवलं की मोनाझाइट.
कशालाच न बधता सरळ जातात ते झिरकॉन.
ते भिंगाखाली, सुईच्या टोकाने,
तांदूळ निवडावेत तसे निवडायचे,
फक्त इथे खडेच ठेवायचे असतात.

गुरुवारी, नमुना तीनशे सतरा.
झिरकॉनमध्ये एक पिवळा कण, चपटा, कडेला कानशीसारखा ओरखडा.
हे सोनं दगडातलं नव्हे,
एवढं मला पुस्तकांच्या आधीपासून कळतं.
डेन्झिलने भिंगातून पाहिलं,
मग स्वतःच्या डाव्या हाताकडे.
अंगठी एका बाजूने कागद झालेली.
क्रशरच्या तोंडाला घासते, म्हणाला,
आणि सांधे सुजलेत, निघत नाही.
मग, थोड्या वेळाने: लिही. दूषित.

नियम त्यानेच शिकवलेला:
दगडात नव्हतं ते नमुन्यात नको.
लिहिलं. नमुना बाद.
आता क्रशर झाडून पुन्हा पहिल्यापासून.

झाडलं, पण केर टाकला नाही.
कागदावर घेतला, फावड्यावर ओतला, पाणी, हिसका.
माती निघून गेली, निघून गेली.
तो कप हातात धरून उभा होता, प्यायला नाही.
फावड्याच्या डोक्याशी उरले सात कण,
भिंगातला एक धरून आठ.

पुडी बांधली, आमच्याकडे बांधतात तशी.
वर काय लिहावं ते कळेना.
खाण नाही, खोली नाही, क्रमांक नाही.
वडील ज्याच्या दुकानातली धूळ त्याचं नुसतं नाव लिहीत;
तसंच लिहिलं, देवनागरीत.
त्याने ते उलटसुलट करून पाहिलं,
पुडी वरच्या खिशात घातली, बटण लावलं,
आणि दारातून म्हणाला,
मधली चाळणी नीट धुतलेली नाहीस.